‘देवाचा दरबार’ आणि उंबऱ्याचा प्रश्न

रेव्हरंड ना. वा. टिळक मराठी वाचकाला दोन वाटांनी माहीत असतात : ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तील विक्षिप्त, उदार नवरा म्हणून. त्यांनी 1917 साली काढलेला ‘देवाचा दरबार’ मात्र आमच्या समीक्षकांनी एखाद्या ओळीत उरकला आहे. कोणत्याही पंथाचे शिक्के नसलेली, परदेशी मिशनच्या पैशावर न चालणारी ख्रिस्तभक्तांची मंडळी उभारण्याचा हा प्रयत्न होता. त्याची चिकित्सा दलितांच्या बाजूने व्हायला हवी, कारण टिळक ज्या मंडळीतून बाहेर पडले ती मंडळी प्रामुख्याने आमच्याच माणसांची होती.

आधी घटना पाहू. चित्पावन ब्राह्मण घरातले टिळक 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतात, अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागतात आणि 1904 साली पाळक होतात. 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन करतात. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतात आणि साताऱ्यास दरबार मांडतात. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन होते. म्हणजे दरबाराला संस्थापकाचा सहवास जेमतेम दोन वर्षे मिळाला. पुढे तो टिकला नाही.

या दरबाराची मुख्य श्रद्धा अशी की, ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी बाप्तिस्म्याची अट नको. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही एका कुटुंबातले. ख्रिस्त हा गोऱ्या साहेबाच्या ताब्यातला देव नव्हे, तो या मातीतल्या भक्ताचाही आहे, ही त्यामागची जाणीव. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक सांगत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तन केले, भजनाला टाळ दिले. मिशनरी मालक आणि देशी ख्रिस्ती नोकर हे नाते त्यांना बोचत होते. पगारावर लाथ मारून त्यांनी ते तोडले. या स्वाभिमानाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी स्वतः जात टाकली होती, हेही निर्विवाद आहे.

प्रश्न उरतो तो उंबऱ्याचा. बाप्तिस्म्याचा उंबरा अडत होता कोणाला?

सवर्ण जिज्ञासूला बाप्तिस्मा म्हणजे जातीतून बाहेर फेकले जाणे, घर, वतन, बायकामुले तुटणे. टिळकांनी हे स्वतः भोगले. त्यांची आणि लक्ष्मीबाईंची कित्येक वर्षांची ताटातूट ‘स्मृतिचित्रे’त आहे. शिवाशिव मनातून जायला किती काळ लागला, हेही लक्ष्मीबाईंनी विलक्षण प्रामाणिकपणे सांगितले आहे. ख्रिस्तावर मन जडलेला पण घर सोडू न शकणारा ब्राह्मण-मराठा भक्त टिळकांच्या डोळ्यांसमोर होता. दरबाराने त्याच्यासाठी उंबरा काढून टाकला.

नगर जिल्ह्यातल्या महार-मांगांची गोष्ट उलटी होती. 1876-78 च्या दुष्काळात आणि त्यानंतर वाड्यांच्या वाड्या ख्रिस्ती झाल्या. गावाने त्यांना ‘पोटासाठी बाटले’ म्हणून हिणवले. आजही हिणवतात. ज्यांना पोट भरलेले असण्याची सवय आहे तेच असे बोलू शकतात. त्या माणसांना बाप्तिस्म्याने काय दिले? कोणी ‘धोंड्या’, ‘दगड्या’ ऐवजी दुसऱ्या नावाने हाक मारली. पाळकाने डोक्यावर हात ठेवला, म्हणजे शिवले. सर्वांदेखत झालेला हा स्पर्श होता. शाळा होती. मृत माणसासाठी प्रार्थना होती. तोडायला त्यांच्याकडे वतन कसले, तर मेलेली गुरे ओढण्याचे. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा हा अडथळा नव्हता, ते दार होते. ते दार ऐच्छिक करणारा विचार ज्याला आत यायचे संकट वाटते त्याचा असतो. ज्याला बाहेर ठेवले आहे त्याला तो सुचणार नाही.

याच ‘ज्ञानोदया’त 1855 साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापून आला होता. आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न होता. टिळक तेच पत्र चालवत होते, पण दरबाराच्या रचनेत मुक्ताचा प्रश्न मध्यभागी दिसत नाही. मध्यभागी आहे तो वारकरी परंपरेशी सांधा जुळवण्याचा ध्यास. तुकारामाचा पूल आम्हांलाही प्रिय आहे. पण त्या वाटेवर चोखोबाची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी आहे, हे विसरून तो पूल ओलांडता येत नाही.

नेतृत्वाचेही तसेच. ‘दरबार’ या शब्दातच एक सिंहासन आणि भोवती मानकरी आहेत. सिंहासनावर ख्रिस्त, हे खरे. पण त्याच्या नावाने बोलणारा एकच प्रतिभावंत संन्यासी होता. संन्यास हा वैभव सोडण्याचा विधी आहे. ज्याच्याकडे सोडायला काही नाही त्याने कशाचा संन्यास घ्यावा? पगाराचा तुकडा सोडणे कवीला तेजस्वी दिसते. सात-आठ तोंडांच्या मांग उपदेशकाला ते परवडत नाही, आणि म्हणून तो कमी श्रद्धावान ठरत नाही. दरबार संस्थापकामागे विझला. वाड्यांतल्या मंडळ्या मात्र गरिबीत, भांडत-तंडत चालू राहिल्या, आणि त्या गातात ती टिळकांचीच गीते. टिळकांचा खरा दरबार तिथे भरतो, असे मला वाटते.

त्या मंडळ्यांना निर्दोष म्हणता येणार नाही. लग्न जुळवताना महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती हा भेद उरलाच. ख्रिस्ती झालेल्यांमधली जात मोडण्याचे काम मिशनऱ्यांनी नेटाने केले नाही, हा बाबासाहेबांचा आक्षेप होता. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात घोषणा करून त्यांनी एकवीस वर्षे विचार केला आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंच्या साक्षीने उंबरा ओलांडला. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मनातल्या मनात बौद्ध राहा, असे ते म्हणाले नाहीत. शोषितांच्या मुक्तीला जाहीर विधी लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

इथवर लिहून मी थांबलो असतो. पण वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी तास संपल्यावर भेटला. रविवारी तो प्रार्थनेला जातो, दाखल्यावर ‘हिंदू-मांग’ आहे. “सर, मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. घेतला तर शिष्यवृत्ती जाईल.” 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलत हिंदूंपुरती ठेवली, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच आहेत. टिळकांनी सवर्णासाठी कल्पिलेला ‘बाप्तिस्मा न घेतलेला शिष्य’ आज दलित वस्तीत जन्मला आहे. त्याला जातीची भीती नाही. त्याला सरकारी कागदाची भीती आहे.

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. पहिल्या पिढीचा पदवीधर असल्याने शिष्यवृत्तीची किंमत मला कळते. एवढेच समजले की, दार कोणासाठी उघडले हे विचारल्याशिवाय कोणत्याही मंडळीचे, दरबाराचे वा धर्माचे मूल्यमापन करू नये. टिळकांनी दार रुंद केले. त्या दारातून आत येण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्यांनी विचारायचा ठेवला. तो आता आपण विचारला पाहिजे.