आज्ञापत्रांतील टोपीकर

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ची वाखाणणी आपण बहुधा त्यांतील दुर्गप्रकरणाबद्दल करतों. परंतु सुमारें 1716 सालच्या या ग्रंथाचें खरें मोल टोपीकरांविषयींच्या विवेचनांत आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज हे इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या मागें त्यांचीं राज्यें उभीं आहेत, हें अमात्यांनीं नेमकें हेरलें. व्यापारापुरती त्यांस मोकळीक असावी, पण समुद्रकांठीं ठाणें देऊं नये, हा त्यांचा निष्कर्ष. 2017 सालीं श्रीलंकेनें हंबनतोटा बंदर चिनी कंपनीस 99 वर्षांच्या करारानें दिलें, तेव्हां व्यक्त झालेली चिंता याच जातीची होती.

तथापि ग्रंथांत एक उणीव आहे. टोपीकरांचें बळ आरमारांत व दारूगोळ्यांत आहे, हें ओळखून अमात्य त्यांस दूर ठेवण्याची युक्ति सांगतात. दारूगोळ्याची ती विद्या आपल्या घरीं कशी रुजवावी, हें फारसें सांगत नाहींत. शिवाय नीति सांगणारा एक आणि राज्य चालविणारे दुसरे! 1756 सालीं पेशव्यांनीं इंग्रजांचेंच साह्य घेतलें आणि तुळाजी आंग्र्यांचें आरमार विजयदुर्गीं भस्मसात् झालें.

अशा अदूरदृष्टीचें फळ आमच्या चामोर्शीकडील मुलखासहि भोगावें लागलें. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. तरी 1818 च्या मे महिन्यांत चांद्याचा कोट इंग्रजांनीं घेतलाच. तेव्हां किनाऱ्याची राखण ही एकट्या कोंकणाची चिंता, असें वैनगंगेकांठच्या वाचकानें समजूं नये. ‘आज्ञापत्र’ नुसतें मिरविण्याचा ग्रंथ नव्हे; त्यांत राहून गेलेलें पुरें करणें, हाच त्याचा खरा गौरव होय.