भ्रमनिरास आणि पहारा : जॉर्ज ऑर्वेल यांच्या लेखनाचा पुनर्विचार

प्रास्ताविक :

जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) ही कादंबरी बहुधा दोन प्रकारे वाचली जाते : साम्यवादावरील टीका म्हणून किंवा तंत्रज्ञानाविषयीचे भाकीत म्हणून. हे दोन्ही दृष्टिकोन अपुरे आहेत. कादंबरीतील पहाऱ्याचे मूळ लेखकाच्या राजकीय भ्रमनिरासात आहे आणि त्या भ्रमनिरासालाही मर्यादा होत्या, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पहारेकरी आणि संशयित :

ऑर्वेल यांचे मूळ नाव एरिक ब्लेअर. त्यांचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे झाला. १९२२ ते १९२७ या काळात ते ब्रह्मदेशात इंपीरियल पोलीस दलात अधिकारी होते. म्हणजे पाळत ठेवणारी सत्ता त्यांनी प्रथम आतून पाहिली. पुढे समाजवादाकडे वळलेले ऑर्वेल डिसेंबर १९३६ मध्ये फॅसिझमविरुद्ध लढण्यासाठी स्पेनला गेले आणि 'पौम' या स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्षाच्या तुकडीत दाखल झाले. मे १९३७ मध्ये आघाडीवर त्यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. त्यांचा विश्वास मात्र शत्रूच्या गोळीने ढासळला नाही. तो स्वपक्षाच्या पोलिसांनी ढासळवला. जूनमध्ये 'पौम' बेकायदेशीर ठरवण्यात आला. कालचे सैनिक आज हेर ठरले.

'होमेज टू कॅटलोनिया' (१९३८) मध्ये बार्सिलोनातील एका झडतीचे वर्णन आहे. पोलिसांनी ऑर्वेल यांच्या पत्नीची हॉटेलातील खोली कसून तपासली, कागदपत्रे नेली. परंतु त्या पलंगावर निजलेल्या असल्यामुळे पलंगाला हात लावला नाही. हा तपशील वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचा आहे. झडती घेणाऱ्या माणसांतही संकोच शिल्लक होता. अकरा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत विन्स्टन व ज्युलिया यांनी भाड्याने घेतलेल्या खोलीत भिंतीवरील चित्रामागे टेलिस्क्रीन दडलेला आहे. येथे पलंगही पहाऱ्याखाली आहे. संकोच बाळगण्यास मध्ये माणूसच उरलेला नाही. दोन ग्रंथांमधील हे अंतर म्हणजेच लेखकाच्या अस्वस्थतेचा प्रवास होय.

पाळत आणि असत्य :

टेलिस्क्रीनची खरी शक्ती पाहण्यात नसून अनिश्चिततेत आहे. आपल्याकडे या क्षणी कोणी पाहत आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नसल्याने माणूस स्वतःच स्वतःचा पहारेकरी बनतो. विन्स्टनचा पहिला अपराध म्हणजे रोजनिशी लिहिणे. त्याची नोकरी जुन्या वृत्तपत्रांतील नोंदी बदलण्याची आहे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध लक्षात घेतला पाहिजे. ज्या राज्यसंस्थेला भूतकाळ बदलावयाचा आहे, तिला खासगी साक्ष परवडत नाही. न झालेल्या लढायांची वर्णने ऑर्वेल यांनी स्पेनच्या युद्धकाळात वृत्तपत्रांत वाचली होती. त्यामुळे हा संबंध त्यांच्यासाठी केवळ कल्पनेचा नव्हता.

अडचणीची यादी :

तथापि, समीक्षेने येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या सुमारास, मे १९४९ मध्ये, आजारी ऑर्वेल यांनी ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका प्रचारविभागाला ३८ नावांची यादी दिली. साम्यवादविरोधी लेखनकार्यासाठी विश्वासपात्र नसलेल्यांची ती यादी होती. चार्ली चॅप्लिन यांचेही नाव तीत होते. ही नावे २००३ मध्ये प्रकाशात आली. उलटपक्षी, २००७ मध्ये खुल्या झालेल्या गुप्तचर कागदपत्रांतून ब्रिटिश यंत्रणेने खुद्द ऑर्वेल यांच्यावरही नजर ठेवल्याचे दिसते. १९४२ च्या एका पोलीस अहवालात त्यांची मते जहाल साम्यवादी ठरवण्यात आली होती.

या यादीमुळे कोणाला अटक झाली नाही आणि हेतू मर्यादित होता, असा बचाव केला जातो. त्यात तथ्य आहे. तरीही संबंधितांच्या माघारी, त्यांना उत्तराची संधी न देता केलेली ही नोंद आहे. कादंबरीकाराने ज्या वृत्तीचा धोका ओळखला, तिच्यापासून नागरिक ऑर्वेल पूर्णतः मुक्त नव्हते.

समारोप :

यामुळे कादंबरीचे मूल्य घटत नाही. उलट तिचा आशय अधिक गंभीर होतो. भ्रमनिरास माणसाला सावध करतो, पण तो स्वातंत्र्यनिष्ठेची हमी नव्हे. एका सत्तेविषयी निराश झालेला मनुष्य दुसऱ्या सत्तेच्या हाती सहजपणे नावे देऊ शकतो. म्हणून नागरी स्वातंत्र्याची भिस्त व्यक्तीच्या सद्भावनेपेक्षा नियमांच्या मर्यादेवर असावी लागते. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. तर २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सुरक्षा व सुव्यवस्थेच्या कारणास्तव शासकीय यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्र सरकारला दिली. अधिकार आणि सूट यांमधील ही जागा कोण राखणार, हा प्रश्न ऑर्वेल यांचा वाचक टाळू शकत नाही. तो प्रश्न विचारताना आपल्याही खिशात एखादी यादी नाही ना, हे तपासणे अगत्याचे आहे.