महत्तमीकरणातील लुप्त कर्ता

रेषीय आयोजनाच्या पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे प्रायः एकाच आज्ञेने संपतात: ‘नफा महत्तम करा.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु नफा कोणाचा, हा प्रश्न ते अनुत्तरित ठेवते. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिद्ध केलेल्या सिंप्लेक्स पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या प्रचलित प्रतिपादनातील न्यून, दोन्ही या प्रश्नाच्या अनुषंगाने स्पष्ट होतात.

कृष्णाकाठच्या एका शेताचे उदाहरण घ्यावे. त्यातील आकडे विवेचनापुरते कल्पित आहेत. जमीन १० एकर, पाणी ३६ मापे. उसाला एकरी ६ मापे पाणी लागते व नफा ४ एकके मिळतो. हरभऱ्याला २ मापे लागतात व नफा २ एकके. आरंभी दोन्ही पिकांचे मूल्य शून्य धरावयाचे. एकरी नफा अधिक म्हणून ऊस प्रथम प्रवेश करतो. जमीन त्याला १० एकरांपर्यंत मुभा देते, पाणी मात्र ६ एकरांपर्यंतच. लहान भागाकार निर्णायक ठरतो; नफा २४ होतो आणि ४ एकर जमीन पडून राहते. आता हरभऱ्याचा एक एकर वाढवावयाचा, तर त्याच्या पाण्यासाठी एक तृतीयांश एकर ऊस सोडावा लागतो. लाभ २, हानी ४/३. निव्वळ वाढ २/३. पडीक जमिनीपैकी मात्र २/३ एकरच खर्ची पडते, म्हणून हरभरा ६ एकरांपर्यंत वाढतो. अखेरीस ४ एकर ऊस, ६ एकर हरभरा, नफा २८. यापुढे वृद्धीस वाव नाही.

पद्धतीचे खरे फळ या उत्तरापेक्षा त्यासोबत येणाऱ्या छाया-किमतींत आहे. येथे जमिनीची किंमत एकरी १ आणि पाण्याची मापागणिक १/२ ठरते; १० व १८ यांची बेरीज २८ येऊन ताळा जुळतो. परंतु त्याच शेताला ७२ मापे पाणी द्यावे, म्हणजे दहाही एकरांत ऊस उभा राहतो, १२ मापे शिल्लक उरतात आणि पाण्याची किंमत शून्य होते.

टीकेचे मर्म या शून्यात आहे. ते पाण्याचे मूल्य नसून बांधावर थांबलेल्या मांडणीचे मूल्य होय. कराडजवळच्या टेंभू येथून आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथून तेच पाणी उपसून दुष्काळी तालुक्यांकडे न्यावे लागते. उपशाचा वीजखर्च धरून वाळव्याचे शेत व जतचे शेत एकाच कोष्टकात मांडल्यास शिल्लक मापांना किंमत येऊ शकते, आणि पहिल्या शेताचे उत्तरही बदलू शकते. शिवाय अतिसिंचनाने कृष्णाकाठच्या जमिनी क्षारपड व पाणथळ झाल्या. एका हंगामाच्या कोष्टकात त्या हानीला ओळच नसते. उसाचा नफा-गुणकही निसर्गदत्त नाही: २००९ पासून लागू झालेला रास्त व किफायतशीर दर शासन ठरविते, हरभऱ्याच्या खरेदीची तशी शाश्वती नसते.

यावर असा आक्षेप संभवतो की, हा दोष मांडणाराचा आहे, पद्धतीचा नव्हे. आक्षेप रास्त आहे. किंबहुना तोच प्रस्तुत विवेचनाचा निष्कर्ष होय. नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने अवाढव्य समस्या सोडविण्याचा नवा मार्ग खुला केला; तथापि गणनेच्या वेगाने आज्ञार्थी वाक्यातील उणीव भरून निघत नाही.

मराठीत हा विषय शिकविताना पारिभाषिक शब्दांच्या काटेकोरपणाइतकीच वाक्यरचनेची दक्षता आवश्यक आहे. उद्दिष्ट-फलाच्या आधी ‘कोणासाठी’, आणि निर्बंधांच्या आधी ‘कोठपर्यंत’ व ‘किती काळ’, हे शब्द लिहिले गेले पाहिजेत. साताऱ्याचे धरण आणि सांगलीचे शिवार एकाच नदीने जोडलेले आहेत. विद्यार्थ्याच्या कोष्टकात ते तुटक राहिले, तर अचूक गणितातूनही चुकीचा सल्ला निघेल.