दिनविशेषांतील २३ एप्रिल

वृत्तपत्राच्या कोपऱ्यात, शाळेच्या फळ्यावर आणि दिनदर्शिकेच्या पाठपानावर 'दिनविशेष' या नावाखाली जो मजकूर येतो, त्याची वाङ्मय म्हणून दखल घेण्याची चाल आपल्याकडे नाही. परंतु जो मजकूर घरोघर सकाळच्या चहाबरोबर वाचला जातो, आणि ज्यातून कित्येक मुलांची इतिहासाशी पहिली व पुष्कळदा शेवटची ओळख होते, तो टीकेच्या कक्षेबाहेर का राहावा हे आम्हांस समजत नाही. त्याची घडण ठरलेली आहे. एक साल, एक नाव, एक क्रियापद. ओळ संपली की प्रसंग संपला. खालच्या ओळीत दुसरा देश, दुसरे शतक, दुसरा मनुष्य. दोन ओळींमधला संबंध एवढाच की, पृथ्वी सूर्याभोवती फिरता फिरता सुमारे त्याच जागी आली होती. या प्रकाराची परीक्षा करावयाची तर एकच तारीख घेऊन ती तपासणे बरे. आम्ही २३ एप्रिल घेतो. कारण या तारखेला खुद्द ग्रंथांचाच उत्सव होतो.

दिनविशेषकार या दिवशी मोठ्या उत्साहाने सांगतात की, शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस हे दोन महाकवी २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी निवर्तले. (सर्व्हांटिसला महाकवी म्हणणे त्याला स्वतःलाही थोडे अवघड वाटले असते, पण ते असो.) हे वाक्य ऐकावयास गोड आहे आणि जवळजवळ प्रत्येक अंगाने खोटे आहे. सर्व्हांटिस माद्रिद येथे २२ एप्रिलला वारला. २३ ला त्याचे दफन झाले, व नोंद राहिली ती दफनाची. शेक्सपिअर मात्र २३ एप्रिललाच गेला. परंतु तो २३ एप्रिल इंग्लंडचा. पोप ग्रेगरी याने १५८२ साली पंचांग शुद्ध केले, तेव्हा स्पेनने ते तत्काळ स्वीकारले. तेथे ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. प्रॉटेस्टंट इंग्लंडला पोपच्या हातचा सूर्यही नको होता. त्या देशाने १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन गणनाच चालविली. त्यामुळे स्ट्रॅटफर्ड येथे शेक्सपिअरने डोळे मिटले तो मंगळवार माद्रिदमध्ये ३ मे होता, आणि सर्व्हांटिसला भूमीत ठेवून दहा दिवस झाले होते. शेक्सपिअरचा जन्मही २३ एप्रिलचाच म्हणून सांगतात. वस्तुतः नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ रोजी झालेल्या बाप्तिस्म्याची. जन्मदिवस मागाहून अनुमानाने ठरविला आहे, आणि २३ एप्रिल हा इंग्लंडचा रक्षक संत जॉर्ज याचा दिवस असल्याने ते अनुमान इंग्रजांना फारच मानवले.

मग ग्रंथांचा उत्सव या दिवशी कसा आला? त्याचे मूळ बार्सिलोनात आहे. व्हिसेंत क्लाव्हेल या पुस्तकप्रकाशकाच्या सूचनेवरून स्पेनमध्ये १९२६ पासून ग्रंथदिन सुरू झाला, आणि तो ७ ऑक्टोबरला होता. ती सर्व्हांटिसची जन्मतारीख मानली जात असे. १९३० मध्ये तो २३ एप्रिलवर आणला. कॅटलोनियाचाही रक्षक संत जॉर्जच असल्याने त्या दिवशी बार्सिलोनात गुलाबांचा बाजार पूर्वापार भरतच होता. त्यात पुस्तकांची दुकाने येऊन बसली, आणि वसंत ऋतूत उघड्यावर पुस्तके मांडणे सोयीचेही होते. पुढे १९९५ साली युनेस्कोने हाच दिवस जागतिक ग्रंथ व ग्रंथस्वामित्व दिन म्हणून जाहीर केला. तात्पर्य, ही तारीख इतिहासाने दिलेली नाही. विक्रेते, हवामान, एक संत आणि दोन पंचांगांमधला गोंधळ यांनी मिळून ती घडविली आहे. आमच्या मते ही हकीकत त्या गोड वाक्याहून शतपट मनोरंजक आहे. दिनविशेषकार ती सांगत नाहीत, कारण ती एका ओळीत मावत नाही.

त्याहून मोठी हानी अशी की, खोट्या योगायोगाच्या भरात खरा संबंध हरवतो. 'डॉन किहोते'च्या पहिल्या भागाचे शेल्टनकृत इंग्रजी भाषांतर १६१२ साली निघाले. त्यात कार्डेनिओ नावाच्या एका प्रेमविव्हल तरुणाची उपकथा आहे. त्याच नावाचे नाटक १६१३ मध्ये शेक्सपिअरच्या मंडळीने राजदरबारात केले, आणि पुढे १६५३ च्या एका नोंदीत ते शेक्सपिअर व फ्लेचर यांच्या नावावर घातलेले आढळते. नाटक आज उपलब्ध नाही. एका थोर लेखकाच्या हाती दुसऱ्याचे पुस्तक पडले असावे, आणि त्यातून निघालेली कृती काळाने गिळली, यापरते हृदयाला चटका लावणारे काय असू शकते? पण या घटनेला तारीख नाही, म्हणून तिला दिनविशेषात जागाही नाही!

युनेस्कोने या तारखेच्या समर्थनार्थ तिसरेही एक नाव घेतले आहे, आणि त्याबद्दल आम्ही त्या संस्थेचे ऋणी आहोत. इंका गार्सिलासो दे ला व्हेगा १५३९ साली पेरू देशातील कुस्को येथे जन्मला. आई इंका राजकुळातील, बाप स्पॅनिश सरदार. तरुणपणी तो स्पेनला गेला तो परतला नाही. तेथे त्याने आईच्या कुळाचा इतिहास बापाच्या भाषेत लिहिला. त्याचा पहिला भाग १६०९ साली लिस्बन येथे छापून निघाला. कॉर्दोबा येथे १६१६ च्या एप्रिलमध्येच तो मरण पावला. त्याची मृत्युतिथीही सर्व अभ्यासक २३ च धरतात असे नाही. जेत्यांच्या भाषेत जितांची कथा सांगण्याचा हा प्रयत्न आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. एरवी मराठी वाचकाच्या कानी हे नाव पडले असते की नाही याची शंकाच आहे. दिनविशेषाची खरी कामगिरी कोणती असे कोणी विचारल्यास आम्ही हेच उदाहरण देऊ.

पंचांगाच्या घोटाळ्याबद्दल इंग्रजांना हसण्याचे मात्र आपणांस कारण नाही. जेधे शकावलीतील नोंदीप्रमाणे शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा. त्या दिवसाची ज्युलियन तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते. ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च होतो. महाराष्ट्र शासनाने उत्सवाकरिता १९ फेब्रुवारी स्वीकारली आहे. म्हणजे जुन्या पंचांगाची तारीख नव्या पंचांगावर पाळली जाते. शेक्सपिअरच्या बाबतीत इंग्रज जे करतात तेच. तिथीवाले आणि तारीखवाले यांच्या वादात हा मुद्दा क्वचितच ऐकू येतो. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक मात्र तो ओळखून असतात. सुरतेच्या इंग्रजांचे पत्र आणि गोव्याच्या पोर्तुगीजांचे पत्र समोरासमोर ठेवले की दहा दिवसांचे अंतर हिशेबात धरावे लागते.

आता मराठी दिनविशेषातील याच तारखेच्या दोन ओळी पाहू. पंडिता रमाबाई, जन्म १८५८, समाजसुधारक. विठ्ठल रामजी शिंदे, जन्म १८७३, समाजसुधारक. दोघांना एकच विशेषण, एकाच मापाची टोपी! रमाबाईंनी 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले, त्याच साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत प्रवासवृत्त प्रसिद्ध केले, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. शिंदे ऑक्सफर्डला धर्माचे अध्ययन करून आले, १९०६ साली त्यांनी अस्पृश्यवर्गासाठी मिशन स्थापन केले, आणि १९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ दिला. एकीने धर्मांतर केल्यामुळे स्वजन दुरावले. दुसऱ्याला पुष्कळदा स्वजन व परजन या दोघांकडूनही उपेक्षा सोसावी लागली. हे दोघेही ग्रंथकार होते. तथापि ग्रंथदिनाच्या मजकुरात त्यांची गणना ग्रंथकारांत होत नाही. ती जागा स्ट्रॅटफर्डच्या नाटककाराने व्यापलेली असते. त्याला ती मिळू नये असे अध्यापनात ज्याची पाने वर्षानुवर्षे उलटली ते आम्ही तरी म्हणणार नाही. परंतु त्याच पानावर मराठी ग्रंथांची दोन नावे छापावयास फारशी शाई लागत नाही.

राहता राहिली १८५८ ची आणखी एक ओळ. २३ एप्रिल १८५८ रोजी बिहारातील जगदीशपूरजवळ बाबू कुंवरसिंह यांनी कॅप्टन ल ग्रांड याच्या फौजेचा पराभव केला. त्या वेळी ते ऐंशीच्या घरात होते आणि गंगा ओलांडताना हाताला झालेल्या जखमेने जर्जर झालेले होते; थोड्याच दिवसांत ते वारले. बिहारात हा दिवस विजयोत्सव म्हणून पाळतात. त्याच सालच्या त्याच दिवशी, सह्याद्रीच्या अरण्यात, पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल पंडितांना तोंड द्यावे लागलेल्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी रमाबाई जन्मली. या दोन प्रसंगांत पंचांगाचे अंतर नाही, कोणाची सोय नाही, कोणा विक्रेत्याची योजना नाही. आम्ही आजवर जे दिनविशेष वाचले त्यांत या दोन ओळी शेजारी छापलेल्या आम्हांस कोठेही आढळल्या नाहीत. एक 'जन्म' या सदरात जाते आणि दुसरी 'घटना' या सदरात.