मनीचा शेरा

वर्तमानपत्रांतून हॉटेलांवर लिहिणारे जे समीक्षक असतात, त्यांच्याविषयी मला पहिल्यापासून आदरयुक्त संशय आहे. या मंडळींना सुरमई नेहमी 'तोंडात विरघळणारी' लागते. अहो, तोंडात विरघळते ती लिमलेटची गोळी! सुरमई चावायची असते. शिवाय प्रत्येक मालवणी हॉटेलात त्यांना 'घरच्यासारखी चव' सापडते. आता घरच्यासारखंच खायचं, तर माणूस रांगेत कशाला उभा राहील? घरी रांग नसते.

आमच्या घरी मात्र एक खरी समीक्षक आहे. तिचं नाव मनी. कारकुनाच्या घरात महिनाअखेरीलाही टिकणारी ही एकमेव मनी, असं आमच्या शाखेत म्हणतात. परळ, लालबाग, दादर या बाजूला आम्ही उभयता जेवायला गेलो, की तळलेल्या तुकडीतला एक घास तिच्यासाठी पुडीत बांधून येतो. कांदा-लसूण मांजराला बाधतो, म्हणून रवा-मसाला खरवडून, काटे काढून, आतला पांढरा भाग तेवढा तिच्यापुढे ठेवायचा. खरी समीक्षा इथे सुरू होते. मसाला गेला, की मासा उघडा पडतो. बी.कॉम.ला आम्हाला एवढंच नीट कळलं होतं, की नफा सजवता येतो, रोकड सजवता येत नाही.

मनीचे शेरे तीन. खाल्लं, म्हणजे उत्तम. वास घेऊन माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बर्फातला माल. आणि पंजाने लादी खरवडून घास पुरायचा आविर्भाव केला, म्हणजे त्या हॉटेलाची पायरी पुन्हा चढू नये.

एका गाजलेल्या एसी हॉटेलात भर जुलैत फळा होता, 'आजची ताजी सुरमई'. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. मग ही सुरमई काय पोहत आली? मालकांना विचारलं, तर म्हणाले, "साहेब, आजच फ्रीजरमधून काढलीय!" त्या रात्री मनीने लादी बराच वेळ खरवडली.

तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मांजराला गोड चव कळतच नाही. तिच्या जिभेत ती सोयच नाही, असं शास्त्रज्ञांनी 2005 साली दाखवून दिलं. म्हणून बासुंदीवर मनी काही बोलत नाही. जे कळत नाही त्यावर गप्प बसायचं, हा गुण मी दुसऱ्या कुठल्या समीक्षकात पाहिलेला नाही.

पण 'घरच्यासारखी चव' म्हणजे नेमक्या कुणाच्या घरची, हा प्रश्न मनीच्याही आवाक्याबाहेरचा. ती चव या गिरणगावातल्या बायकांच्या घरची. एका खोलीत, एका स्टोव्हवर, कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांना त्या दोन वेळा जेवू घालत. पैसे पगार झाल्यावर. तोवर किराणा उधार आणि सावकाराचं व्याज चालू. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय, तर तवा आणि दोन हात! रोज तारणाचे कागद तपासणारा माणूस मी, पण याहून भक्कम तारण माझ्या टेबलावर आलेलं नाही. पुढे 1982 चा संप झाला. गिरण्या मिटत गेल्या, जेवणारे गावी गेले, कित्येक चुली थंडावल्या. आता तीच आमटी एसीत 'आजीच्या हातची' म्हणून मिळते. बिलावर जीएसटीचा नंबर असतो, आजीचं नाव नसतं.

अशी एक खानावळ मात्र एका चाळीच्या मागे अजून आहे. चार टेबलं, पंखा एक. परवाच्या पावसाळ्यात तिथल्या पाटीवर खडूने लिहिलं होतं, 'सुरमई नाही. सुके बोंबील आहेत.'

"अहो, मग मनीला काय न्यायचं?" सौ.ने विचारलं.

"ताजी मच्छी नारळी पौर्णिमेनंतर, वहिनी," आतून बाई म्हणाल्या. "आत्ता देईन ती शिळीच असेल."

जेवणावर इतकं सरळ मराठी मी गेल्या दहा वर्षांत वाचलेलं नाही. त्या खानावळीला मनीचा शेरा घ्यायची गरजच पडली नाही.