देह, दृष्टी आणि 'न्यूड'

रवी जाधव दिग्दर्शित 'न्यूड' हा मराठी चित्रपट एप्रिल २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. तत्पूर्वी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून वगळला होता. त्यामुळे आशयापेक्षा शीर्षकाचीच चर्चा अधिक झाली. चित्रपटास केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे व ते उचितच होय. प्रौढ ख्रिस्ती वाचकाने मात्र त्याकडे पाठ फिरवू नये, असे आम्हांस वाटते.

नवऱ्याच्या संसाराला विटलेली यमुना मुलाला घेऊन मुंबईस चंद्राक्काच्या आश्रयाला येते. अक्का सर जे. जे. कला महाविद्यालयात कामाला असते. ते काम म्हणजे विद्यार्थ्यांपुढे विवस्त्र बसणे, हे उमगताच यमुना हादरते. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी ती स्वतःच हे काम पत्करते आणि ते त्याच मुलापासून लपविते.

कल्याणी मुळे व छाया कदम यांनी या दोघींना दिलेला साधेपणा हे चित्रपटाचे खरे बळ आहे. जिवंत मॉडेलवरून रेखाटताना विद्यार्थी हाडांची ठेवण, स्नायूंचा ताण, देहाचा तोल शिकतो. समोरची व्यक्ती तेवढा वेळ जागची हलत नाही. हात भरून येतो, पाय बधिर होतो. हे कष्ट आहेत, आणि त्यांवर एक चूल पेटते.

चित्रपट उणा पडतो तो नसीरुद्दीन शहा यांनी साकारलेल्या मलिक या चित्रकाराच्या तोंडी तत्त्वज्ञान येते तेथे. वस्त्र शरीरावर चढते, आत्म्यावर नव्हे, अशा आशयाचे त्याचे समर्थन श्रवणीय आहे, पण आम्हांस ते पटत नाही. देहधारणावर श्रद्धा ठेवणाऱ्यास देह हे आत्म्याचे टाकाऊ आवरण वाटू शकत नाही. थकलेला, घामेजलेला देह हीच यमुना आहे. कलावंताने तिच्या देहापलीकडे पाहण्याची गरज नाही. त्या देहातच तिला ओळखावे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात हा वाद जुना आहे. मायकेलअँजेलोने १५४१ साली पूर्ण केलेल्या 'अंतिम न्याय' या भित्तिचित्रातील नग्न आकृतींवर पुढे वस्त्रे रंगविण्यात आली. त्याच सिस्टाईन चॅपेलला ८ एप्रिल १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी देहाच्या ईशज्ञानाचे पवित्र स्थान म्हटले. मात्र कलेच्या नावाखाली सर्वच क्षम्य, असे त्यांचे म्हणणे नव्हते. देह निनावी वस्तू होऊन कोणाच्याही नजरेच्या हवाली होतो तेव्हा व्यक्तीच्या प्रतिष्ठेला धक्का लागतो, असा इशारा त्यांनी १९८१ सालच्या प्रबोधनांत दिला होता.

हाच निकष 'न्यूड'ला लावावा. त्या चॅपेलच्या छतावरील लिबियन सिबिल या स्त्रीसाठी मायकेलअँजेलोने एका पुरुष सहायकाला समोर बसवून रेखाटन केले, असे अभ्यासक मानतात. सिबिल जगद्विख्यात झाली. त्या सहायकाचे नाव कोणी सांगत नाही. चित्रपट अशाच निनावी देहाला नाव देतो, घर देतो, भय देतो. यमुनेचे भय वर्गातल्या डोळ्यांचे नाही; तिला धास्ती आहे ती वस्तीची आणि पोटच्या पोराची. तिला कलंकित ठरविणारी नजर वर्गाबाहेरची, म्हणजे तुमची-आमची आहे.

आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली आज कलाशिक्षण घेत आहेत. अशा वर्गाला पाठवावे की नाही, हा प्रश्न पालकांना पडतो. आमच्या मते अवश्य पाठवावे. मात्र घरी परतल्यावर काय रेखाटले एवढेच न विचारता, समोर बसलेल्या बाईशी वर्ग कसा वागला, तिला विसावा मिळाला का, तिचे नाव काय, हेही विचारावे. त्या उत्तरावरून आपल्या लेकराची दृष्टी कशी घडते आहे, हे पालकांस कळेल.