हुबेहूबांचा हंगाम

यंदा मंडईच्या जत्रांच्या पोस्टरांवर एका शब्दाचा सुकाळ आहे. हुबेहूब. हुबेहूब किशोर, हुबेहूब लता, हुबेहूब आनंद शिंदे. धानोऱ्याहून मुरूमगावकडे जा की गडचिरोली ओलांडून वडशाकडे, जिथं दिवसा बैलांचा पट आणि रात्री करमणूक आहे तिथं भिंतीवर हा शब्द आहेच. गाणाऱ्याचं स्वतःचं नाव असलंच तर तळाशी, छापखान्याच्या नावाशेजारी. आणि मग रात्री पेंडालात बसल्यावर कळतं की ही हमी इतक्या छातीठोकपणे कशी देता येते. वाद्यं पेनड्राइव्हमध्ये. कधी कधी गळाही पेनड्राइव्हमध्येच. बाई माइक तोंडाशी धरून उभ्या, ओठ हलतायत, आणि जिथं जित्या माणसाला श्वास घ्यावाच लागतो तिथं आवाज न थांबता पुढे चाललाय. टाळ्या पडतात. शेजारी बसलेले एक काका कौतुकानं म्हणाले, “अगदी कॅसेटवानी गाते बाप्पा!” त्या कौतुकानं माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

गाजलेलं गाणं मंचावर पुन्हा गायचं म्हणजे काय करायचं, याचा निकाल जगात फार आधी लागलेला आहे. अमेरिकेतला सोल गायक सॅम कुक घ्या. रेकॉर्डवरचा सॅम कुक इस्त्रीच्या सदऱ्यासारखा, कुठं एक चुणी नाही. तोच माणूस १९६३च्या जानेवारीत मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये उभा राहिला, समोर त्याचीच काळी माणसं, आणि त्यानं आपलीच गोड गाणी अशी खरवडून काढली की कंपनी घाबरली. ते ध्वनिमुद्रण १९८५ साली बाहेर आलं, तोवर गायक जाऊन वीस वर्षं झाली होती. जेम्स ब्राऊनला अपोलो थिएटरातला कार्यक्रम मुद्रित करायचा होता. लोकांनी आधीच विकत घेतलेली गाणी पुन्हा कोण घेणार, म्हणून कंपनीचा मालक पैसे देईना. ब्राऊननं १९६२मध्ये पदरचे पैसे घातले आणि खपाचा विक्रम झाला. त्या तबकडीत माणसांचं ओरडणं काढून टाकलं तर गाणं लंगडं होतं. ओटिस रेडिंगची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. ‘रिस्पेक्ट’ त्याचं गाणं, १९६५चं. दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिननं ते असं गायलं की माँटेरेच्या महोत्सवात ओटिसला हसत कबूल करावं लागलं, की हे गाणं एका पोरीनं माझ्याकडून नेलं. त्याच्यासारखं हुबेहूब गायली असती तर अरेथाचं नाव आज कोणी घेतलं असतं?

मुंबई-पुण्यातले ‘ट्रिब्यूट’ बँड मी सोडून देतो. लेड झेपलिनचा सोलो सुरासुरानं पाठ करणाऱ्याला गुणपत्रिका द्यावी, त्याचं तिकीट काढू नये. मुंबईत २०११पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला, बडी गाय येऊन गेला, ज्यांना परवडलं त्यांनी ऐकला. वाहिन्यांवरच्या गाण्याच्या स्पर्धांचा विचार गायन म्हणून करायचं मी कधीच सोडलं.

मंचावर गाणं दर वेळी वेगळं होणं आपल्याकडे काही नवं नाही. बालगंधर्वांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, कारण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीत तेवढंच मावायचं. तेच पद नाटकात वन्समोअर घेत घेत कितीही लांबायचं, आणि तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष असल्यावर दुसरा वन्समोअर पहिल्यासारखा होण्याची शक्यताच नव्हती. म्हणजे तबकडी हा त्या पदाचा संक्षेप. तिकडे अमेरिकेतही तेच: ऑलमन ब्रदर्सचं ‘व्हिपिंग पोस्ट’ स्टुडिओत पाच मिनिटांचं होतं. १९७१मध्ये फिलमोर ईस्टला ते तेवीस मिनिटं चाललं, आणि आज जाणकार त्या तेवीस मिनिटांबद्दल बोलतात. आपण मात्र संक्षेपालाच मूळ प्रत मानून बसलो, आणि जो त्यातून तसूभर सरकेल तो चुकला असं ठरवून टाकलं. आपल्या विदर्भाचे वसंतराव देशपांडे या कायद्यानं पहिल्याच फेरीत बाद झाले असते. दारव्हेकरांच्या ‘कट्यार’मध्ये १९६७पासून त्यांनी खाँसाहेब उभे केले, आणि आजचं पद कालच्यासारखं झालं नाही ही तक्रार तेव्हा कोणी केली नाही. लोक त्यासाठीच दुसऱ्यांदा तिकीट काढत.

आता आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीकडे येतो, कारण मला बोलायचं आहे ते तिथलंच. भाऊबीज झाली, धान कापून बांधीतून निघालं, की आपल्याकडे नाटकांचा मोसम लागतो तो थेट होळीपर्यंत. जमीन उतरती खणून बसायची सोय, खाली तणस, अंगावर घोंगडी, दहाला पडदा आणि उजाडताना भरतवाक्य. पुण्याची मंडळी या नाटकांना भडक म्हणतात. म्हणोत. त्यांनी कधी रात्री दोननंतरचा प्रवेश बसून ऐकलेला नसतो. नायिकेच्या वाट्याला सगळं दुःख येऊन झालेलं असतं, नवरा दारू पिऊन पडलेला असतो, आणि ती एकटी मंचावर उरते. संवाद संपत नाही, तो सावकाश सुरात शिरतो. मंचापुढे बसलेला ऑर्गनवाला यावेळी पट्ट्यांकडे बघत नाही, तिच्या तोंडाकडे बघत असतो. तिनं ओळ अर्ध्यात सोडली तर तो सूर धरून ठेवतो. ती रडण्याच्या बेतात आली तर खालच्या सुरावर येऊन तिला जागा करून देतो. तबलजी एक मात्रा गिळतो. मग बायकांच्या बाजूनं हुंदका येतो, त्याचवेळी मागून बक्षिसाची नोट येते, निवेदक देणाऱ्याचं नाव आणि गाव पुकारतो (हा व्यत्यय आहे असं फक्त शहरी माणसाला वाटतं), आणि बाई तीच ओळ पुन्हा घेते. पहिल्यांदा ती नवऱ्याला उद्देशून होती. आता ती समोरच्या बायांकडे वळलेली असते. शब्द तेच, चाल तीच, गाणं दुसरं.

अमेरिकेत ज्याला ‘सोल’ म्हणतात ते गाणं याहून वेगळं काय आहे, मला कोणी समजावून सांगावं. तिथंही ऑर्गनच आहे. माँटेरेला ओटिसच्या पाठीशी बुकर टी. जोन्स हॅमंडवर होता आणि त्याचे डोळे गायकावर होते. ऑर्गन तिथं चर्चमधून मंचावर आला. आपल्याकडेही तो विलायतेतून येऊन गंधर्वांच्या काळात नाटकात शिरला आणि तिथून झाडीतल्या मंडळ्यांपर्यंत पोचला. दोन्हीकडे त्याचं काम एकच: गाणाऱ्याला एकटं पडू द्यायचं नाही. शहरात तो आता अडगळीत गेला. आमच्याकडे कालपरवापर्यंत बैलगाडीतून, मेटॅडोरमधून तो गावोगाव हिंडत होता. या वादकांची नोंद कोणी केली? झाडीबोली आणि दंडार या लोकनाट्यासाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं. ऑर्गनवाल्यांना असा बोरकर मिळाला नाही. २०२३मध्ये गुरनोलीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सगळे नाचलो, आणि ते योग्यच होतं. पण सत्काराच्या भाषणांत मंचापुढच्या खड्ड्यात बसून ज्यांनी रात्रीच्या रात्री जागवल्या त्यांचा उल्लेख मला तरी ऐकू आला नाही.

खडी गमतीचा दुय्यम सामना ज्यानं ऐकला त्याला प्रश्नोत्तराचं गाणं वेगळं शिकवावं लागत नाही. एका शाहिरानं टाकलेल्या सवालाला दुसऱ्याचा जवाब आधीपासून कोणत्या पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवणार? आमच्या धानोरा तालुक्यातला गोंडांचा रेला नाचही तसाच. एक रांग गाते, दुसरी रांग ते उचलते, आणि पहाट होईपर्यंत ते संपवायची कोणालाच घाई नसते. त्याच रेल्याचं आता गोंडी डीजे करून ठेवलंय. रांगा उरल्या, उत्तर गेलं.

आणि भीमगीत. अमेरिकेत चर्चमधल्या गाण्यातून सोल निघालं, तसं आपल्याकडे वस्तीतल्या जयंतीच्या मंचावरून जे निघालं त्याला समीक्षेनं अजून नीट हात लावलेला नाही. वामनदादा कर्डकांनी लिहिलं, विठ्ठल उमपांनी ते गळ्यातून पेटवलं. उमप २०१०मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. आज एकतारी घेऊन उभ्या राहणाऱ्या कडूबाई खरातांचा आवाज कुठल्याही संगीत विद्यालयाच्या परीक्षकाला टोचेल. मग गायक जो कॉकरचा टोचत नाही? वुडस्टॉकला १९६९मध्ये त्यानं बीटल्सचं एक साधं, गमतीचं गाणं अंग वाकडंतिकडं करत घोगऱ्या आवाजात असं ताणलं की ते मूळचं कोणाचं हे लोक विसरले. कडूबाई वरच्या सुरावर जातात तेव्हा तो सूर थोडा फाटतो, आणि मला तो फाटलेलाच हवा असतो. आमच्या चंद्रपूरचे अनिरुद्ध वनकर नाटकात गातात तेव्हाही भीमगीताच्या मंचाची ती सवय दिसते: समोरच्याकडून हुंकार येईस्तोवर पुढची ओळ सोडायची नाही.

आयोजक म्हणतात, लोकांनाच रेकॉर्डसारखं लागतं. लोकांना काय लागतं हे त्यांना पुढ्यात काय वाढलं जातं त्यावर ठरतं. ज्या पोट्ट्यानं जन्मापासून मोबाइलमध्येच गाणं ऐकलं तो मोबाइलसारखंच मागणार. त्याच्या आजीला विचारा, ती मागत नाही. दुसरा मुद्दा खर्चाचा. चार वादकांची बिदागी, राहणं, जेवण, त्यापेक्षा एक पेनड्राइव्ह स्वस्त. बरोबर आहे. पण त्याच आयोजकांना डीजेच्या भिंतीला पैसे मिळतात, रोषणाईला मिळतात, मुंबईहून आणलेल्या मालिकेतल्या चेहऱ्याला तर न विचारता मिळतात. तो चेहरा येतो, दोन वाक्यं बोलतो, झाडीपट्टी माझं माहेर आहे असं सांगतो आणि नागपूरचं विमान पकडतो. ‘डान्स हंगामा’ नावाच्या प्रकाराला तर पैसाच पैसा. म्हणजे पैसा आहे, फक्त वादकासाठी नाही.

तिसरा मुद्दा मला जास्त झोंबतो, कारण तो आमच्यातलेच शिकलेले लोक काढतात: आमचे गायक बेसूर गातात, ट्रॅकमुळे निदान दर्जा राहतो. दर्जा! मिली व्हॅनिली नावाच्या जोडीलाही दर्जा होता. १९८९मध्ये अमेरिकेत एका कार्यक्रमात मागची टेप अडकली, एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागला आणि गायक मंच सोडून पळाला. पुढच्या वर्षी त्यांचं ग्रॅमी काढून घेतलं. तिथं निदान लाज वाटली. आमच्याकडे टेप अडकली तर निवेदक म्हणतो, तांत्रिक बिघाड आहे, सहकार्य करावे. उलट टोकाचं उदाहरण अरेथाचंच. १९७२च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये ती दोन रात्री गायली. सिडनी पोलॅकनं ते चित्रित केलं, पण क्लॅपर बोर्डच वापरले नाहीत, त्यामुळे ओठ आणि आवाज जुळवता येईनात. तो सिनेमा २०१८मध्ये लोकांपुढे आला. खरं गाणं होतं म्हणून ओठ जुळवणं इतकं अवघड गेलं. आमच्याकडे पहिल्याच रात्री तंतोतंत जुळतात.

बेसूर गातात तर रियाजाला जागा द्या. नाटक कंपन्यांची नगरी म्हणून मिरवणाऱ्या वडशात ऑर्गन शिकवणारा एक वर्ग चालवा. जुने वादक अजून आहेत, त्यांना बोलवा, मानधन द्या, हात जोडून विनवू नका. नव्या पोरांना कीबोर्डच वाजवायचा असेल तर वाजवू द्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्यातलं आयतं तालाचं बटण बंद करा आणि त्यांना नटाच्या तोंडाकडे बघायला लावा. आणि ज्याला काहीच जमत नाही त्यानं गाऊ नये. नाटकात गाणं नसलं तरी नाटक होतं. खोटं गाणं असलं की मात्र पुढचे सगळे प्रवेश खोटे वाटायला लागतात, बापाचं मरणसुद्धा.

पोस्टरवर वादकांची नावं छापा, नटांएवढ्याच टायपात. ट्रॅक वापरणार असाल तर तेही छापा, म्हणजे तिकिटाचे पैसे कशाला देतोय हे माणसाला कळेल. मंडळाची पोरं दरवर्षी पावतीपुस्तक घेऊन दारात येतात, पुढच्या वर्षीही येतील. ‘‘या बापू, बसा,’’ म्हणेन, चहा पाजेन. पावती फाडायच्या आधी मात्र विचारणार आहे, ऑर्गनवर कोण हाय?